बांसाठी एक खोली

घरात चार पाहुणे मुक्कामाला आले की खरी पंचाईत कुणाची होते? मुलं गच्चीवर पळतात, पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत सतरंज्या पसरतात. आणि घरची बाई? ती सगळं आवरून स्वयंपाकघरात ओट्याशेजारी अंग टाकते. साडी बदलायची तर न्हाणीघर मोकळं होण्याची वाट बघते. याबद्दल कुणाला काही बोलावं, हे तिच्या मनातही येत नाही. सेवाग्रामचा आश्रम बघताना मला सारखं हेच आठवत होतं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सोलापूरहून तिकडे गेलो होतो. सासूबाईही बरोबर होत्या. वर्ध्याहून सेवाग्राम अवघं आठ किलोमीटर. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे आले, ते वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी नवा संसार मांडायला! गावाचं नाव तेव्हा शेगाव होतं. दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं.

आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. इथली मातीच्या भिंतींची, पण कौलारू. जमिनी शेणाने सारवलेल्या. 'बापू-कुटी' मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. गांधीजी तिथे मागाहून राहायला गेले. भिंतींवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडं आणि ॐ उठवलेले आहेत. कुणाही बाईने दोन मिनिटं थांबून बघावेत इतके सुबक! आत सामान ते काय? बसायला चटई, टेकायला फळी, लिहायला बैठं मेज, चरखा, कंदील, काठ्या, खडावा आणि तीन माकडांची ती प्रसिद्ध मूर्ती. बसल्या जागेवरून हात पोचेल एवढाच पसारा. कपाटं कमी पडतात म्हणून कुरकुरणाऱ्या आपण सगळ्यांनी एकदा बघून यावं. कचेरीच्या खोलीत टेलिफोन आहे, आणि त्याच खोलीत साप पकडायचा लांब चिमटा नि पिंजराही आहे. साप मारायचे नाहीत, पकडून लांब रानात सोडून यायचे, असा तिथला नियम.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आश्रमातलं सर्वांत पहिलं घर म्हणजे 'आदि-निवास'. एक मोठी खोली, आणि तिथेच सगळ्यांचा मुक्काम. गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल, आले-गेले पाहुणे. खान अब्दुल गफारखानही तिथे राहून गेले. ज्याला जो कोपरा मिळेल तो त्याचा.

सासूबाई दाराशी थबकल्या. म्हणाल्या, "आणि बांनी लुगडं कुठे बदलायचं गं?"

माहितीफलक वाचून जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते त्यांना एका नजरेत दिसलं! बांनाही ही अडचण होतीच. ती ओळखली जमनालाल बजाजांनी. बांची संमती घेऊन त्यांनी जवळच एक लहानशी कुटी बांधवली. तीच 'बा-कुटी'. लहान वयात लग्न होऊन आलेल्या, आफ्रिकेपासून साबरमतीपर्यंत किती घरं मांडलेल्या या बाईला आपलं म्हणावं असं दार साठी उलटून गेल्यावर मिळालं. गांधीजींना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. सर्वांचं घर एक, हे त्यांचं मोठं स्वप्न होतं. पण 'सर्वांच्या' घरात बाईची सोय आपोआप होत नाही, ती कुणाच्या तरी लक्षात यावी लागते.

बांना ही कुटी फार वर्षं लाभली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये त्या मुंबईला गेल्या, तिथे त्यांना अटक झाली आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेतच, त्या गेल्या. सेवाग्रामला त्यांनी लावलेली बकुळ मात्र आहे.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वेगळी कुटी कुठून आणणार, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण आतून लागणारी एक कडी, दोरीवरचा एक जाड पडदा, जिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही अशी एक फळी किंवा ट्रंक, एवढं तर जमेल? स्वतःसाठी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठीही. त्या तर कधी मागणारच नाहीत.

सेवाग्रामला गेलात तर सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ साधा. चपला बाहेर काढून, सावकाश बघा. बापू-कुटीपाशी गर्दी असतेच. तिथून निघालात की बा-कुटीत जरूर डोकावा, आणि सासूबाई बरोबर असतील तर त्यांना आधी पुढे जाऊ द्या.