मोगऱ्याची कुंडी बदलताना

मोगरा दोन-तीन वर्षे भरभरून फुलतो आणि मग हात आखडता घेतो. कळ्या मोजक्याच लागतात, पानांच्या कडा करपतात, घातलेले पाणी एक तर वर साचून राहते किंवा कडेकडेने लगेच खाली निघून जाते. आपण आणखी खत, आणखी पाणी घालतो. पण दुखणे बहुतेक वेळा आत असते. मुळांनी सगळी जागा व्यापलेली असते आणि मातीचा कस गेलेला असतो. अशा वेळी कुंडी बदलावी लागते. नांदुरा परिसरात हे काम करताना इथली माती आणि इथले पाणी यांचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा.

शेतातली माती कुंडीत का चालत नाही?

आपली काळी माती कपाशीला मानवते. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. शेतात मुळांना खोलवर जायला वाव असतो. दहा-बारा इंचांच्या कुंडीत तीच माती ओली असताना घट्ट चिखल होते आणि मुळांना हवा मिळत नाही. सुकली की ती कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून वाहून जाते. मधला गोळा कोरडाच राहतो.

पाण्यातला क्षार

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. नांदुरा तालुक्यातला पूर्णाकाठही त्याचाच भाग. विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी कुंडीत घातले की पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतो. कुंडीच्या बाहेर आणि मातीवर दिसणारा पांढरा थर तोच. मातीतल्या पाण्यात क्षार वाढला की मुळांना ते पाणी ओढून घेणे जड जाते. माती ओली असूनही झाड तहानलेले राहते.

घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत आता सर्रास दिसते. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण यंत्राने गाळून वेगळा काढलेला क्षार याच पाण्यात असतो. मूळ पाणी खारे असेल तर हे त्याहून खारे. ते फरशी पुसायला वापरावे. कुंड्यांसाठी पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी झाकणाच्या टाकीत साठवता आले तर उत्तम.

कधी आणि कसे?

मोगऱ्यासाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ योग्य. थंडी ओसरू लागलेली असते आणि बहर यायचा असतो. छाटणीही तेव्हाच करावी. ही वेळ हुकली तर पाऊस स्थिरावल्यावर, ढगाळ दिवशी करावे. एप्रिल-मेच्या उन्हात किंवा झाड कळ्यांवर असताना मुळांना हात लावू नये.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तिथली माती सतत ओली राहते आणि मुळे कुजतात. गाळलेली माती, धुतलेली जाडी रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत समप्रमाणात, म्हणजे प्रत्येकी एक घमेले, असे मिश्रण करावे.

तळाला गोट्यांचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी जाड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते. थरामुळे मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापरी पुरे.

आदल्या दिवशी पाणी देऊन झाड मातीच्या गोळ्यासह काढावे. गोलगोल गुंडाळलेली मुळे बोटांनी सोडवावीत, काळी पडलेली आणि मऊ झालेली कात्रीने कापावीत. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर लावून, छिद्रातून पाणी वाहेपर्यंत द्यावे. आठवडाभर सावलीत ठेवावे. महिनाभर रासायनिक खत देऊ नये, कारण दुखावलेल्या मुळांना ते जाळते.

हात आणि बशी सांभाळा

मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून हातमोजे घालावेत. काच किंवा काटा लागून जखम झाली तर साबणाने धुऊन डॉक्टरांना धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. कोरडे खत उधळते, ते किंचित ओले करून कालवावे. दमा असलेल्यांनी तोंडा-नाकाला मास्क लावावा.

कुंडीखालच्या बशीकडेही लक्ष हवे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. बशी सुकली तरी चिकटलेली अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरत नाही. आठवड्यातून एकदा बशी काथ्याने घासून धुवावी, किंवा बशी काढून कुंडी दोन विटांवर ठेवावी. त्याने पाण्याचा निचराही होतो आणि मुळांना हवाही मिळते.