चाकांवरचं जुनं घर घेताना

माहेरी पुण्याला आले, की भाचरं हमखास विचारतात, "आत्या, तुमची ती चाकांवरची खोली अजून आहे का?" आता ती आमच्याकडे नाही, पण तेरा वर्षं होती. ती कशी घेतली, कशी सांभाळली आणि त्याआधी आम्ही कसे फसलो, ते आज सांगणार आहे. कारण फसण्यातूनच आम्ही शिकलो.

मी आणि आमचे हे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, ह्यांनी होजिअरीच्या कारखान्यात. नोकरदार माणसाला परवडेल अशा फिरण्याच्या ज्या रीती तिथे आहेत, त्यातली एक म्हणजे मोटरहोम. कॅरव्हॅन मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावी लागते. मोटरहोम आपल्याच इंजिनावर चालतं. आपल्याकडे सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन असते, तिची साधी, लहान धाकटी बहीण समजा. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे पलंग, शेगडी, मोरी आणि संडास. नवं घ्यायचं तर दाम घराच्या हप्त्याला शोभेल असा. म्हणून आमच्यासारखे लोक दहा-पंधरा वर्षं जुनं शोधतात.

आमची पहिली गाडी २००८ सालातली. आठ वर्षांत आठ हजार पौंड जमवले होते. त्यातले ७,४०० एका दिवसात दिले. रुपयांत सांगायचं तर त्या वेळचे जवळजवळ सहा लाख. विकणारे गृहस्थ गोड बोलणारे, इंजिन घड्याळासारखं चालत होतं, गाद्यांना नवे अभ्रे होते. आत लॅव्हेंडरचा सुवास दरवळत होता. त्या सुवासाचा अर्थ आम्हाला नोव्हेंबरात कळला. तीन दिवस पाऊस झाला आणि केबिनच्या वरच्या पलंगाशी हात लावला, तर भिंत बोटाखाली दबली. ओल्या बिस्किटासारखी.

इथे थोडं बांधकाम समजून घ्यायला हवं. या गाड्यांचा खालचा भाग, म्हणजे इंजिन, चाकं, चासी, एखाद्या मोठ्या कंपनीच्या मालवाहू व्हॅनचा असतो. फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट, प्यूजो बॉक्सर अशा. वरचं घर दुसराच कारखाना बांधतो. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लायवूड, मध्ये फोम आणि जुन्या गाड्यांत या सगळ्याला आधार लाकडी पट्ट्यांचा. पत्र्याचे सांधे, खिडक्यांच्या कडा, छतावरची झडप हे सारं चिकट सीलंटने बुजवलेलं असतं. ते सीलंट वर्षानुवर्षं उन्हाथंडीत वाळतं आणि त्याला भेगा पडतात. पाणी आत शिरतं, पण बाहेर दिसत नाही. आतल्या आत लाकूड कुजत राहतं. इंजिन बिघडलं तर ते आवाज करतं, धूर सोडतं. ओल गुपचूप काम करते.

आमच्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज पाच हजारांच्या पुढे गेला. तेवढे पैसे नव्हते. ह्यांचा एक मित्र म्हणाला, "आतून नवा कागद चिकटवा आणि उन्हाळ्यात विकून टाका." हे रात्रभर गप्प होते. सकाळी म्हणाले, "आपल्याला जे झालं, ते दुसऱ्याला करायचं नाही." आम्ही जाहिरातीत ओल आहे असं लिहिलं. एका सुताराने ३,००० पौंडांना घेतली. ४,४०० पौंड बुडाले. पुढचं दीड वर्ष मी शनिवारच्या जादा पाळ्या केल्या.

तेवढ्या अवधीत आम्ही शिकून घेतलं. जुनी गाडी बघायला जाताना क्रम उलटा ठेवायचा. आधी भिंत, मग इंजिन. शक्यतो पावसानंतर जायचं. दार उघडल्याबरोबर पहिला श्वास घ्यायचा. कुबट वास आला तरी संशय, अत्तराचा आला तरी संशय. कपाटं उघडून कोपऱ्याकोपऱ्यात अंगठ्याने दाबायचं. केबिनवरचा पलंग, मागचे दोन्ही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतावरच्या झडपेभोवती. जमिनीवर टाच दाबत चालायचं. ओल मोजायचा छोटा मीटर वीस-पंचवीस पौंडांत मिळतो. तिथल्या धंद्यातला ठोकताळा असा, की आकडा पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, वीसच्या पुढे गेला तर चौकशी हवी आणि तीसच्या पुढे असेल तर लाकूड गेलं असं धरून निघून यायचं. विकणारा मीटर लावू देत नसेल, तर तेच उत्तर समजायचं.

तुम्ही म्हणाल, सरकारी तपासणी नसते का? असते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी एमओटी नावाची परीक्षा द्यावी लागते. गाडीचा नंबर टाकला, की जुने निकाल आता इंटरनेटवर फुकट दिसतात. कधी काय बिघडलं, मैल किती झाले, सगळं. ते जरूर वाचावं. पण ही परीक्षा रस्त्यावरच्या सुरक्षेची आहे. ब्रेक, दिवे, टायर, चासीचा गंज. भिंतीतली ओल आणि शेगडीचा गॅस हे तिच्या कक्षेत नाहीत. आमची पहिली गाडी एमओटी पहिल्या फटक्यात पास झालेली होती!

दुसरी गाडी २०१० च्या मार्चमध्ये घेतली. डुकाटोवर बांधलेली, १९९७ ची, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. जमवलेले आणि उरलेले मिळून ८,६०० पौंड होते, गाडीला दिले ६,२००. बाकीचे मुद्दाम राखून ठेवले. माझं ठाम मत आहे, की खिशातल्या पैशांपैकी पाव भाग तरी खरेदीनंतरसाठी बाजूला हवा. पहिल्या वर्षी आमचे १,९०० गेले. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप ४२०, चार टायर ३४०, बॅटरी ९०, गॅसची नळी आणि रेग्युलेटर ६०, ब्रेक २९० आणि छताचे सगळे सांधे खरवडून नवं सीलंट भरायचे ७००. टायरची नक्षी चांगली होती, मग बदलले कशाला? कारण मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३०१ म्हणजे २००१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ते आकडे वाचायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट वजनाची. प्रत्येक गाडीवर जास्तीत जास्त वजनाची पट्टी असते. आमची ३,१०० किलोंची. पहिल्या मोठ्या सहलीआधी ह्यांनी गाडी वजनकाट्यावर नेली, तर आकडा ३,२४०! मी कणकेची दहा किलोंची पिशवी, दोन कुकर, बिडाचा तवा आणि महिन्याभराचे डबे भरले होते. पाण्याची टाकी काठोकाठ. पाण्याच्या एका लिटरला एक किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. तेव्हापासून टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरायची असा नियम झाला. वजनाचा संबंध परवान्याशीही आहे. तिथे १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर असली डिझेल गाडी साडेतीन टनांपर्यंतच चालवता येते. आधीच्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा, तीही सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणीशिवाय राहत नाही. म्हणून साडेतीन टनांच्या आतली गाडी बघणं शहाणपणाचं.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. एका ऑक्टोबरात आम्ही स्कॉटलंडला होतो. जमिनीतल्या एका भोकातून गार वारा यायचा, म्हणून ह्यांनी तिथे जुना टॉवेल कोंबला. शेजारच्या गाडीतले वृद्ध गृहस्थ चहाला आले, त्यांनी तो पाहिला आणि वाकून आधी उपसून काढला. ते भोक गॅससाठी ठेवलेलं असतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो आणि त्या वाटेने निघून जातो. वरची जाळी असते ती जळण्याला लागणाऱ्या हवेसाठी. ती बुजवली तर शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस उठत नाही. त्याची सूचना देणारी घंटी लेस्टरला परतायच्या आधी वाटेतच घेतली. थंडीत आणखी एक धडा मिळाला. ब्यूटेन शून्य अंशाजवळ वायू व्हायचंच नाकारतो. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत चालतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं. तिथे सिलिंडर वेगवेगळे मिळतात, आणि हिवाळ्यात प्रोपेनच घ्यायचा. गाडी हिवाळ्यात उभी ठेवायची असेल तर नळ, टाक्या, बंब सगळं रिकामं करायचं. नाहीतर पाणी गोठून नळ्या फुटतात.

खर्चाचं विचाराल, तर माझ्या वहीत २०१४ चा हिशोब आहे. कर २३०, विमा ३१०, इंजिनाची सर्व्हिस आणि एमओटी २८०, गॅस आणि ओल तपासणी १५०, किरकोळ दुरुस्त्या ४००. एकूण १,३७० पौंड, डिझेल सोडून. त्या वर्षी आम्ही ४६ रात्री गाडीत काढल्या. म्हणजे रात्रीला तीस पौंड. पंधराच रात्री गेलो असतो, तर रात्रीला एक्क्याण्णव पडले असते. त्यापेक्षा हॉटेल स्वस्त! म्हणून कुणी विचारलं, परवडेल का, तर मी उलट विचारते, वर्षातून किती रात्री जाल? मुक्कामाला आम्ही शेतकऱ्यांच्या छोट्या जागा निवडायचो. तिथल्या कॅरव्हॅन क्लबांच्या सभासदांसाठी पाचच गाड्यांची सोय असलेल्या अशा जागा देशभर आहेत. पाण्याचा नळ, मैला रिकामा करायची जागा आणि बाजूला मेंढ्या. डिझेलचं म्हणाल तर लिटरला दहा किलोमीटर, उतारावर खूश असेल तर अकरा.

गाडी विकावी लागली ती शहराच्या हवेमुळे. आमची लेक लंडनला हॅरोत राहते. २०२३ च्या ऑगस्टअखेर लंडनचा प्रदूषण-कर सगळ्या उपनगरांना लागू झाला. डिझेल गाडी युरो सहाची नसेल तर रोज पैसे भरायचे. आमची पंचवीस वर्षं जुनी गाडी त्यात कुठून बसणार! आज जुनी घेणाऱ्याने आपण कुठल्या शहरांत जाणार हे आधी बघावं आणि गाडीच्या कागदावर युरोचा आकडा वाचावा.

इथे पुण्यातही हल्ली लोक विचारतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पण जुनी प्रवासी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये हवी तशी फोडून घर करायचं म्हणाल, तर जपून. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याला परस्पर चालत नाही. आधी आरटीओत विचारा, मग सुताराला बोलवा.

आमची गाडी २०२३ च्या वसंतात एका तरुण जोडप्याने घेतली, लंडनपासून लांब राहणाऱ्या. ती मुलगी आत आली आणि थेट इंजिनाबद्दल विचारू लागली. मी तिला थांबवलं, माझा ओलीचा मीटर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी वरच्या पलंगाच्या कोपऱ्यात लाव." आकडा चौदा आला. तेरा वर्षांच्या पावत्यांची फाइल दिली. मागच्या कोपऱ्यात एके ठिकाणी अठरा येतो, तेही तिला दाखवलं आणि किमतीतून दोनशे पौंड कमी केले. मीटर तिला तसाच देऊन टाकला. आम्हाला आता त्याचं काम नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)