बनावट माल आणि संकेतस्थळाची जबाबदारी

नामांकित कंपनीचे नाव मिरवणारी वस्तू ऑनलाइन बाजारपेठेतून मागवावी आणि ती बनावट निघावी, हा अनुभव ग्राहकांना नवा नाही. विक्रेता त्रयस्थ आणि पुष्कळदा हाती न लागणारा. त्यामुळे व्यापारचिन्हाचा मालक संकेतस्थळालाच न्यायालयात खेचतो. तेथे उत्तर ठरलेले असते: माल आमचा नव्हे, आम्ही केवळ जागा दिली.

या बचावाचा आधार माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७९ हा आहे. २००८च्या दुरुस्तीनंतरचे हे कलम इतरांनी दिलेल्या माहितीच्या दायित्वातून मध्यस्थाला मुक्त करते. मात्र त्याने योग्य दक्षता घेतलेली असावी आणि बेकायदा कृत्याला साह्य केलेले नसावे, अशी अट आहे.

पण ‘केवळ जागा देणे’ कोठे संपते? फ्रेंच पादत्राण-कंपनी ख्रिश्चन लुबुतँ हिने ‘डार्व्हेज’ या संकेतस्थळाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०१८ रोजी याचा सविस्तर ऊहापोह केला. माल साठवणे, स्वतःच्या वेष्टनात बांधणे, घरपोच पोहोचवणे, जाहिरात करणे, अस्सलपणाची हमी देणे अशी कामे करणारा मध्यस्थ निष्क्रिय राहत नाही आणि त्याचे संरक्षण धोक्यात येऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. विक्रेत्यांचे पूर्ण तपशील उघड करण्याचा आदेशही संकेतस्थळाला मिळाला.

ही कसोटी व्यवहाराला धरून असली, तरी कायद्याच्या शब्दांत ती सापडत नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी अ‍ॅमेझॉन-अ‍ॅमवे वादात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने नेमके हेच दाखवून दिले: कलम ७९ सक्रिय आणि निष्क्रिय मध्यस्थ असा भेद करीत नाही. अर्थात, तो वाद प्रामुख्याने थेट विक्रीच्या मालासंबंधी होता, बनावट मालासंबंधी नव्हे.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहकाच्या नजरेतून विचार केला. खटला पुन्हा लुबुतँचाच, त्याच्या सुप्रसिद्ध लाल तळव्यांविषयीचा; प्रतिपक्ष अ‍ॅमेझॉन. स्वतःचा आणि त्रयस्थांचा माल एकाच रूपात मांडल्यामुळे संकेतस्थळच विकत आहे असा ग्राहकाचा समज होत असेल, तर चिन्हाचा वापर संकेतस्थळानेच केला असे मानता येईल, असा तो निर्णय होता.

भारतात ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव आणि पत्ता ग्राहकाला दाखवणे बंधनकारक आहे. व्यापारचिन्ह कायद्यान्वये ज्याचा माल पूर्वी हटवला गेला, तो विक्रेता वारंवार तसाच माल मांडू लागला तर त्याची नोंदही ठेवावी लागते. त्याला बाजारपेठेतून काढून टाकण्याची सक्ती मात्र या नियमात नाही. तो निर्णय संकेतस्थळाच्या मर्जीवर सोडलेला आहे.