अपघाताची नुकसानभरपाई : खटल्याच्या निकालाची वाट पाहू नये

पुणे - कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी पहाटे भरधाव पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. चालक अल्पवयीन होता. त्याला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट आणि नंतर झालेले रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप यांवर देशभर चर्चा झाली. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र, अपघातग्रस्तांसाठी कायद्यात नुकसानभरपाईचा दुसरा मार्गही आहे. तो फौजदारी खटल्यापासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या कुटुंबांना या हक्काला मुकावे लागण्याची शक्यता असते.

दोन वेगळे मार्ग
फौजदारी न्यायालयात आरोपीचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालकाच्या निष्काळजीपणाची अधिक शक्यता दाखविणे पुरेसे ठरते. त्यामुळे चालक निर्दोष सुटला, तरी केवळ त्या कारणाने भरपाईचा दावा फेटाळला जात नाही. दावा चालक, वाहनमालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध करता येतो. चालकाकडे परवाना नसल्यास विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते.

मुदत सहा महिन्यांची
मोटार वाहन कायदा, १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणे आवश्यक आहे. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत उलटल्याच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही सहा महिन्यांची मुदत पाळणेच हिताचे आहे.

दावा अपघात झाला तेथेच करावा लागतो, हा समजही चुकीचा आहे. दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या ठिकाणीही तो दाखल करता येतो. नवले पुलावर जखमी झालेल्या कोल्हापूरच्या प्रवाशाने त्यासाठी पुण्यातील न्यायालयात खेटे घालण्याची गरज नाही.

पहिल्या काही दिवसांत काय करावे?
जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून, पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबविता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. जखमीला मदत करणाऱ्या नागरिकालाही कायद्याचे संरक्षण आहे.

नातेवाइकांनी फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक व विमा पॉलिसीचा तपशील, रुग्णालयाची बिले, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि उत्पन्नाचा पुरावा जपून ठेवावा. कायमचे अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाय गमावलेल्या लेखनिकाचे आणि रिक्षाचालकाचे नुकसान सारखे नसते.

रक्कम कशी ठरते?
सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मधील निकालांद्वारे त्यासाठी सूत्र घालून दिले आहे. समजा, महिन्याला १५ हजार रुपये कमावणाऱ्या ३५ वर्षांच्या विक्रेत्याचा मृत्यू झाला आणि त्याच्यावर चौघे अवलंबून आहेत. त्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपये. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ते २ लाख ५२ हजार होते. त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग वजा केल्यास १ लाख ८९ हजार उरतात. या वयासाठीच्या १६ या गुणकाने गुणल्यास ३० लाख २४ हजार रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी आदींची रक्कम याशिवाय मिळते. मृताची स्वतःचीही चूक असल्यास त्या प्रमाणात कपात होते.

पाच लाख घेताना विचार करा
कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. पैशांची निकड असलेल्या कुटुंबाला ही रक्कम मोठा आधार वाटते. परंतु, विहित प्रक्रियेनुसार ती स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. त्यामुळे वरील उदाहरणातील कुटुंब ३० लाखांच्या हक्कावर पाणी सोडेल. स्वाक्षरी करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

वाहन पळून गेले किंवा खड्ड्यामुळे अपघात झाला तर?
धडक देणारे वाहन सापडले नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. खड्डे अथवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. ही जबाबदारी महापालिकांसह रस्त्यांची देखभाल करणाऱ्या यंत्रणांची आहे.

वकिलाची फी परवडत नसल्यास शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. लोकअदालतीत तडजोडीने दावा लवकर निकाली निघू शकतो. मात्र, तेथील निवाड्यावर अपील करता येत नाही. तेव्हा समोर ठेवलेली रक्कम मान्य करण्याआधी सूत्रानुसार किती मिळू शकते, याचा हिशेब कुटुंबाने स्वतः मांडून पाहावा.