झाडपाला एकट्या सुनेलाच का?



ऊसनोंदीच्या कामाने आम्ही शिवारात फिरतो तेव्हा गप्पा उसावरून घरावर येतात. लग्नाला चार वर्षे झाली, अजून पाळणा हलला नाही, म्हणून अमक्या गावचे झाडपाल्याचे औषध चालू आहे, असे कोणीतरी सांगतेच. औषध कुणाला? सुनेला. मुलाला तपासले का, असे विचारले की मंडळी गप्प! म्हणून आज उसाचा विषय बाजूला ठेवून हा घेतला आहे.

शतावरीची मुळी, सीता अशोकाची साल, शिवलिंगीचे बी ही औषधे या कामी पिढ्यान् पिढ्या दिली जातात. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण आपले जुने शास्त्र काय म्हणते तेही बघा. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असे सांगितले आहे: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. दाखलाही दिला आहे तो अंकुराचाच. म्हणजे योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण आणि दोघांचे सकस बीज.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उगवण विरळ झाली तर बेणे किती महिन्यांचे होते, डोळे चांगले होते का, वाफसा होता का, हे सगळे आपण बघतो. नुसते जमिनीलाच खत घालत बसत नाही. मग घरात सगळा दोष क्षेत्रालाच का?

आजचे वैद्यकही हेच सांगते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीला असते. वीर्यतपासणी सोपी, कमी खर्चाची आणि बिनत्रासाची आहे. स्त्रीच्या बाजूला थायरॉईड, बीजकोशाचे विकार, बंद गर्भनलिका अशी कारणे असतात. आपल्याकडे नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण क्षय आहे. तो खोकला नसतानाही गर्भाशयात आणि नलिकेत असू शकतो. काढ्याने बंद नलिका उघडत नाही. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पण काढ्यात दोन वर्षे गेली तर नुकसान वाढते. बाईचे वय कुणासाठी थांबत नाही.

आता औषधाच्या खरेपणाबद्दल. रस्त्याकडेला उंच, सरळ वाढतो तो अशोक खोटा, त्याचे कुळच वेगळे. तरी त्याची साल सीता अशोकाची म्हणून खपवली जाते. काही गोळ्यांत वनस्पतीबरोबर धातूही असतात. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ साली भारतातली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले. शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते आणि त्याच्या मेंदूला अपाय करते. हमखास मूल होईल अशी जाहिरात करणाऱ्यापासून तर दूरच राहा. स्त्रीचे वंध्यत्व बरे करण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे. आणि मुलगाच होईल असे औषध जगात नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते.

तेव्हा आमची विनंती एवढीच:

१. वर्षभर वाट पाहूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून तपासून घ्यावे. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे.

२. आयुर्वेदिक औषध घ्यायचे तर नोंदणी असलेल्या वैद्याकडून, तपासणीचे कागद दाखवून घ्यावे. बिननावाची पुडी घेऊ नये.

३. कोणतेही औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, लपवू नये. दिवस गेल्याची शंका आली की आधी विचारावे, मगच पुढचा डोस घ्यावा.

बेणे पारखल्याशिवाय आपण सरीत टाकत नाही. तपासणीला पहिले पाऊल मुलाने टाकावे, आणि सासूबाईंनी त्याला स्वतः पाठवावे. सुनेच्या डोक्यावरचे निम्मे ओझे तिथेच उतरेल.

— ऊस विकास अधिकारी