बुडीत खात्यातली माणसे

परग्रहावरची याने पृथ्वीवर चाल करून येत आहेत. वाटेत त्यांनी काही माणसे पळवली आहेत. हाताशी उरलेल्या मूठभर लोकांनी एका खिळखिळ्या यानातून जायचे, शत्रूला रोखायचे आणि जमल्यास पळवलेल्यांना सोडवून आणायचे. हे कथानक कादंबऱ्यांनी, चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीने इतके वापरले आहे की, चौथीतला मुलगाही त्याचा शेवट सांगू शकेल. साहित्यातली सोवळी मंडळी तर त्याकडे पाहून नाकच मुरडतात. मला मात्र त्यातला एक शब्द काही केल्या सोडत नाही. तो शब्द म्हणजे ‘जमल्यास’.

शत्रूला रोखणे आवश्यक, माणसे सोडवणे जमल्यास. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मी बँकेत अधिकारी म्हणून काढली आणि कादंबऱ्या त्या नोकरीच्या कडेकडेने लिहिल्या. त्यामुळे ‘जमल्यास’ हा शब्द कोणत्या रकान्यात पडतो, हे मला चांगले ठाऊक आहे. तो बुडीताच्या रकान्यात पडतो.

या कथांचे मूळ शोधत गेलो तर आपण एच. जी. वेल्सपाशी येतो. त्याची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. मंगळावरून आलेले प्राणी इंग्लंडमध्ये उतरतात, तीन पायांच्या अजस्र यंत्रांत बसून गावेच्या गावे जाळतात आणि माणसे पकडतात. पकडलेली माणसे यंत्राच्या पाठीवरच्या टोपलीत टाकली जातात, जणू बाजारातून भाजी आणावी तशी. पुढे त्यांचे रक्त काढून हे मंगळवासी स्वतःच्या अंगात घेतात. या टोपलीतल्या माणसांना सोडवायला वेल्सच्या कादंबरीत कुणी जात नाही. ‘थंडर चाइल्ड’ नावाची एक युद्धनौका पळणाऱ्या निर्वासितांना वाट मिळावी म्हणून शत्रूच्या यंत्रांवर धडकते आणि स्वतः नष्ट होते. पण तेही जे अजून पकडले गेलेले नाहीत त्यांच्यासाठी. शेवटी मंगळवासी मरतात ते साध्या जंतूंमुळे.

वेल्सला सोडवणूक सुचली नाही असे नाही. त्याला वेगळेच काही सांगायचे होते. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण काढतो. युरोपीय वसाहतवाद्यांनी त्यांचा कसा नायनाट केला हे सांगून तो आपल्या वाचकाला विचारतो की, मंगळवासी तसेच वागले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? ज्या साम्राज्यावर तेव्हा सूर्य मावळत नव्हता, त्याच्याच राजधानीवर त्याने आकाशातून साम्राज्यवादी उतरवले. आणि टास्मानियाच्या लोकांना सोडवायला कुठलेच यान आले नव्हते, तेव्हा लंडनकरांसाठी तरी ते का यावे?

पुढे काळ बदलला. याच कादंबरीवर स्टीव्हन स्पीलबर्गने २००५ साली चित्रपट काढला. त्यात टोपलीची जागा पिंजऱ्याने घेतली आहे, आणि नायक स्वतः त्या पिंजऱ्यात शिरतो, हातबाँब यंत्राच्या पोटात सोडतो आणि सगळे कैदी सुटतात. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत प्रेक्षकाला एक गोष्ट असह्य झाली होती. टोपली तशीच निघून जाते, हे त्याला आता पाहवत नव्हते.

पण या सगळ्या कथांत माझ्या मनात जी रुतून बसली आहे ती वेगळी आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची, ती अनेकांना आठवत असेल. तिची पुढची पिढी, ‘द नेक्स्ट जनरेशन’, मी नंतर केबलवर पाहिली. तिच्यात ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ नावाची दोन भागांची कथा आहे. तिचा पहिला भाग अमेरिकेत जून १९९० मध्ये दाखवला गेला आणि दुसरा सप्टेंबरात.

बोर्ग नावाची एक जमात आहे. अर्धे शरीर, अर्धे यंत्र, आणि सगळ्यांचे मिळून एकच मन. ते माणसांना मारण्यापेक्षा स्वतःत सामावून घेणे पसंत करतात. त्यांचे घनाकार यान पृथ्वीकडे निघाले आहे. वाटेत ते ‘एंटरप्राइझ’ या यानावरून कप्तान पिकार्डला उचलून नेतात आणि त्याला आपल्यातला एक करून टाकतात. आता त्याच्या तोंडून बोर्ग बोलतात. त्याला ठाऊक असलेले प्रत्येक गुपित त्यांना ठाऊक होते. कप्तानाचा दुय्यम अधिकारी रायकर एक तुकडी पाठवतो. तिला पिकार्ड दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. तुकडीतली अधिकारी शेल्बी आणखी एक संधी मागते. रायकरसमोर दोनच वाटा उरतात: कप्तानाला आणायला परत जायचे, की कप्तान आत असतानाच यानावर अस्त्र सोडायचे. तो अस्त्र सोडण्याचा हुकूम देतो आणि पहिला भाग तिथेच संपतो.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांना उत्तरासाठी उन्हाळाभर थांबावे लागले. उत्तर असे होते की, ते अस्त्र निकामी ठरले, कारण त्याची माहिती पिकार्डच्या डोक्यातून आधीच शत्रूकडे गेली होती. पुढच्या लढाईत पृथ्वीच्या बाजूची चाळीस याने उभी ठाकली आणि ३९ नष्ट झाली. मग रायकरने तो मार्ग धरला जो त्याने आधी टाळला होता. शत्रूला हूल देऊन दोघे जण बोर्गांच्या यानावर उतरले आणि पिकार्डला उचलून आणले. त्याच्या यंत्र झालेल्या मनातूनच बोर्गांना झोपण्याचा आदेश दिला गेला, आणि पृथ्वीच्या उंबऱ्यावर ते यान निश्चल झाले.

म्हणजे ज्याला बुडीत धरले होते तोच शेवटी तारण ठरला. आणि बोर्गांनी त्याला जाऊ दिले, कारण त्यांच्या हिशेबात एका माणसाला किंमतच नव्हती. त्याला न्यायला कुणी जीव धोक्यात घालून येईल, याची नोंद करायला त्यांच्या वहीत रकाना नव्हता.

इथे बँकेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर बँकांत अनुत्पादक कर्जांचे नवे निकष आले. कुठले खाते किती दिवस थकले की ते अनुत्पादक, त्यापोटी किती तरतूद करायची, कधी ते ‘राइट ऑफ’ करायचे, हे सगळे कागदावर आले. बाहेरच्या माणसाला वाटते की, राइट ऑफ म्हणजे माफी. तसे मुळीच नसते. खाते मुख्य ताळेबंदातून जाते. पण एका वेगळ्या नोंदवहीत ते राहते आणि वसुली चालूच राहते. हिशेबापुरता माणूस संपला, तरी त्याला शोधणे संपत नाही.

आमच्या शाखेत वसुलीवर एक कारकून होते. ग्रामीण विकासाच्या योजनेत म्हशीसाठी तीन हजारांचे कर्ज घेतलेला एक जण बेपत्ता होता. म्हैस गेलेली, घराला कुलूप. राइट ऑफच्या यादीत त्याचे नाव लागले होते. तरी हे गृहस्थ एसटीने दोन तालुके ओलांडून त्याला शोधायला निघाले. व्यवस्थापक म्हणाले, “अहो, प्रवासभत्ताच मुद्दलाच्या वर जाईल.” ते म्हणाले, “साहेब, पैसे राहू द्या. माणूस आहे की नाही, ते तरी बघून येतो.” तो माणूस एका साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडीला सापडला. वसुली किती झाली म्हणाल तर दोनशे रुपये.

त्याच काळात मोठ्या थकबाकीदारांसाठी मात्र मुख्य कार्यालयात बैठका होत, चहा-बिस्किटे येत, हप्त्यांची पुनर्रचना होई. आणि इथेच त्या ‘स्टार ट्रेक’च्या कथेत मला एक काटा टोचतो. कथेची सुरुवात पिकार्डच्या अपहरणाने होत नाही. ती होते एका दूरच्या ग्रहावर. तिथे न्यू प्रॉव्हिडन्स नावाची ९०० माणसांची वसाहत होती. ‘एंटरप्राइझ’ तिथे पोचते तेव्हा वसाहतीच्या जागी फक्त एक प्रचंड खड्डा उरलेला आहे. पुढे त्या ९०० जणांचे नावही कुणी काढत नाही. कप्तानासाठी यान परत फिरते. त्यांच्यासाठी फिरत नाही.

कप्तान तरी परत आला म्हणजे सुटला का? या मालिकेचा मोठेपणा असा की, तिने पुढचा भाग यावरच खर्च केला. १ ऑक्टोबर १९९० ला दाखवलेल्या ‘फॅमिली’ या भागात एकही लढाई नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो, द्राक्षमळ्यात थोरल्या भावाशी भांडतो, चिखलात लोळेपर्यंत झोंबी होते आणि मग तो ढसाढसा रडतो. आपल्या हातून जे करवून घेतले गेले ते आपण थांबवू शकलो नाही, हे त्याचे दुःख. आणि १९९३ साली सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्याच भागात त्याच लढाईत बायको गमावलेला सिस्को पिकार्डसमोर उभा राहतो. त्याच्या नजरेत क्षमा नाही. जगाने सोडवून आणलेल्या माणसाकडे तो अजूनही शत्रू म्हणूनच पाहतो.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. १६८९ साली रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. अठरा वर्षांनी, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहू सुटून आले, तेव्हा स्वागताऐवजी त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: हे खरे शाहू की तोतया? ताराबाईंच्या पक्षाने तो प्रश्न उघड उपस्थित केला, आणि त्याच वर्षी खेडच्या लढाईत त्याचा निकाल लागला. यात राजकारण होतेच. पण शत्रूच्या छावणीत वाढलेला माणूस आपला कसा, ही शंका राजकारणापेक्षा जुनी आहे. येसूबाई तर १७१९ पर्यंत दिल्लीत अडकून पडल्या. त्या साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाई, दोन्ही घेऊन. इतिहासाच्या पुस्तकांत सनदांवर पाने खर्ची पडतात आणि तीस वर्षांच्या कैदेतून आलेल्या बाईवर एखादी ओळ. मला या मोहिमेतली येसूबाईंची सुटका सनदांइतकीच मोठी वाटते.

आणखी एक अवघड प्रश्न उरतो. ज्याला सोडवायचे त्याला विचारायचे की नाही? १९९७ साली ‘व्हॉयेजर’ मालिकेत सेव्हन ऑफ नाइन ही तरुणी आली. लहानपणीच बोर्गांनी तिला नेले, ती त्यांच्यातच वाढली. कप्तान जेनवे तिचे बोर्गांशी असलेले नाते तोडते, तेव्हा ती परत पाठवण्याची मागणी करते. जेनवे नकार देते. तिचे म्हणणे असे की, हा निर्णय घ्यायला तू अजून मोकळीच नाहीस. प्रेक्षक म्हणून आपण जेनवेच्या बाजूने असतो. पण फाळणीनंतर आपल्याच देशात काय झाले? पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी भारत आणि पाकिस्तानात डिसेंबर १९४७ मध्ये करार झाला, १९४९ मध्ये कायदा झाला. हेतू करुणेचा होता, आणि असंख्य स्त्रियांना त्याने खरोखर नरकातून बाहेर काढले. पण त्या कायद्यात स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला निर्णायक स्थान नव्हते. कुणी नव्या घरात रुजली होती, कुणाच्या कडेवर मूल होते, कुणाला माहेर दार उघडणार नाही याची खात्री होती. तरीही त्यांना उचलून आणले गेले. काहींची खरोखरच दारे उघडली नाहीत. सोडवणूकही कधी कधी दुसरे अपहरण होते.

म्हणून परग्रहावरच्या यानांच्या कथा मी पोरकट मानत नाही. शत्रूचे यान फुटते तेव्हा त्यांतल्या बहुतेक संपतात, आणि खरा हिशेब तिथेच सुरू होतो. कोणासाठी परत फिरलो? ज्याला आणले त्याला काय हवे होते? आणि तो घरी आल्यावर आपण त्याच्याकडे कसे पाहिले? हे तीन प्रश्न विमान अपहरणाच्या वेळी, सीमेपलीकडच्या तुरुंगात अडकलेल्या कोळ्यांच्या वेळी, खाणीत गाडलेल्या मजुरांच्या वेळी आपल्यापुढे येतात, आणि दर वेळी कुणीतरी शहाणा माणूस कागद पुढे ओढून खर्च मांडू लागतो.

खर्च मांडावाच, मी बँकेतला माणूस, मी तो नको म्हणणार नाही. पण ज्यांची नावे मुख्य वहीतून गेली आहेत त्यांच्यासाठीही एक वही असते आणि ती बंद करायची नसते, एवढे त्या शहाण्याला कुणीतरी सांगायला हवे. न्यू प्रॉव्हिडन्सची ती ९०० माणसे कल्पनेतली असली, तरी मी माझ्यापुरती त्यांची नावे तिथे नोंदवून ठेवली आहेत.