राक्षसाचं सोंग, गावाचं हसू

डोंगर ते दर्या : पालघरची लोकपरंपरा – भाग ९

गेल्या भागात आपण तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरला. आज त्याच डोंगरातल्या रात्रीच्या उत्सवाकडे वळू. बोईसरहून चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड करत जव्हार-मोखाड्याकडे चढू लागलं की आपण बोहाड्याच्या मुलखात येतो. होळी झाली की पावसाळा लागेपर्यंत या भागातल्या गावागावांत बोहाडा होतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे भवाडा. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा अनेक समाजांचा हा सामाईक उत्सव आहे. तो बहुतेक ठिकाणी गावच्या देवीच्या, म्हणजे जगदंबेच्या, नावाने भरतो.

बोहाड्याचा कणा म्हणजे सोंग. सोंग म्हणजे मुखवटा लावून नाचवलेली देवता, राक्षस किंवा पुराणातलं पात्र. गणपती आधी येतो, मग शारदा. पुढे मारुती, नरसिंह, वीरभद्र, रावण, त्राटिका, भीम, बकासुर अशी रांग लागते. गावच्या वाटेच्या एका टोकाला सोंग सजतं आणि संबळ-पिपाणीच्या तालावर पुढे-मागे झुलत देवळाकडे येतं. पुढे टेंभा, मागे मंडळी, दोन्ही अंगांना बसलेलं गाव. एक सोंग देवळाशी पोचेतो पलीकडे दुसरं उभं राहिलेलं असतं.

मुखवटा जवळून पाहण्यासारखा असतो. जुने मुखवटे लाकडात कोरलेले, चांगलेच जड. आता कागदाच्या लगद्याचेही बरेच दिसतात. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढवायचे, वाळले की रंगवायचे, वर बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा मुकुट बांधायचा. नाचणारा आधी डोक्याला कापड गुंडाळतो, मग त्यावर मुखवटा आवळून बांधतात. आतून दिसतं ते बारीक भोकांतून, तेवढंच. म्हणून सोबतीला माणूस लागतो आणि पाय संबळ सांगेल तसे पडतात. बाहेरून रावणाचे डोळे गरगरीत, मिशा पिळदार, दात बाहेर. आत घामाने निथळणारा एक शेतकरी.

आता आजच्या मुद्द्याकडे येतो. सोंग कुणी घ्यायचं? पुष्कळ गावांत ते घराण्यात चालत आलेलं असतं. आजाने रावण नाचवला, बापाने नाचवला, आता नातू नाचवतो. राक्षसाचा मुखवटा घरात जपून ठेवतात, त्याची पूजा करतात, आणि त्या घराला त्याचं भूषण वाटतं. काही ठिकाणी सोंगाचा लिलाव होतो आणि बोली जिंकणारा त्या रात्रीचा मानकरी ठरतो. सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. इथे तर सोंगासाठीच माणूस पदरचे पैसे मोजतो. राक्षस हा गावाचा शत्रू असता तर त्याचा मान मिळवायला कुणी धडपडलं नसतं.

या रांगेला हसण्याचीही जागा ठेवलेली असते. देवांची सोंगं शांतपणे येतात. त्राटिका आली की मात्र रस्त्याच्या कडेची पोरं आईच्या पदराआड पळतात आणि क्षणभराने परत डोकावतात. मधूनच एखादं निव्वळ गमतीचं सोंग घुसतं, ओळखीच्या माणसाची खोड काढतं, आणि बसलेलं गाव खो खो हसतं. पहाटेपर्यंत जागायचं तर भीती आणि भक्तीच्या जोडीला हसू लागतंच. बोहाडा रचणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर याच वृत्तीचा भाऊबंद भेटतो, तो संकासूर. पुराणात शंखासुर वेद पळवतो आणि विष्णू मत्स्यरूपाने त्याला मारतो. रत्नागिरीकडच्या शिमग्यात मात्र तो काळ्या कपड्यात, उंच टोपी घालून, पांढरी दाढी लावून, कमरेला घुंगरं बांधून पोरांच्या मागे धावतो. सिंधुदुर्गातल्या दशावताराच्या पूर्वरंगात तो चक्क लोकांना हसवतो. हे आपल्यापुरतंच नाही. चीनमध्ये लोक स्वतःला ड्रॅगनचे वंशज म्हणवतात, आणि तिथल्या सिंहनृत्यात मोठ्या डोक्याचा हसरा मुखवटा घातलेला माणूस सिंहाला खिजवत पुढे चालतो. अक्राळविक्राळ प्राण्याशी नातं जोडायचं आणि त्याच्याशी थट्टाही करायची, ही माणसाची फार जुनी खोड आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बोहाडा राक्षसाला हाकलून लावत नाही, त्याला घरात घेतो. ज्या मुलखात रात्री अंधार दाट असे आणि वाघाची भीती खरी होती, तिथल्या लोकांनी भीतीला तोंड दिलं ते असं. तिला चेहरा कोरून दिला, नाव दिलं, एका घराकडे सोपवलं आणि वर्षातून एकदा सगळ्यांसमोर नाचवलं. जिचा चेहरा आपणच रंगवला, तिला माणूस किती दिवस घाबरणार?

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जव्हार-मोखाड्याकडची पुष्कळ मुलं काम करतात. होळीनंतर त्यांच्यापैकी कुणी गावाकडे निघालं तर सोबत जा. रंगमंचावर दहा मिनिटांत उरकलेला मुखवटा-नाच पाहून बोहाडा कळत नाही. तो रात्रभर बसून पाहावा लागतो. आणि मोबाईलचा दिवा लावू नका. हे चेहरे टेंभ्याच्या हलत्या उजेडासाठी घडवलेले आहेत. ज्योत हलली की रावणाच्या गालावरची सावली हलते आणि तो हसल्यासारखा दिसतो. पांढऱ्या झोतात तोच चेहरा सपाट होतो.

शेवटच्या रात्री, उजाडता उजाडता, देवीचं सोंग निघतं. समोर महिषासुर येतो, दोघांचं युद्ध होतं आणि तो पडतो. लोक देवीच्या पाया पडायला पुढे सरसावतात. थोड्या वेळाने महिषासुराचा मुखवटा सोडवतात. आतला माणूस तोंडावर वारा घेतो, आणि मुखवटा कापडात गुंडाळून घरी नेतो. पुढल्या वर्षी तो पुन्हा लागणार असतो.

पुढील भागात : वारल्यांचा वाघोबा आणि त्याचे चंद्र-सूर्य.